एकाच रसाचे दोन थेंब: प्रोकॅरिओटिक आणि युकॅरिओटिक पेशीत कामाचा फरक कुठे असतो

तू लिहिलंयस की नाशिकला एफवाय बीएस्सीला आहेस, प्रोकॅरिओटिक आणि युकॅरिओटिक पेशींच्या फरकाचा तक्ता झोपेतून उठवलं तरी लिहिता येतो, पण तोंडी परीक्षेत "या फरकाचा उपयोग काय" असं विचारल्यावर काहीच सुचलं नाही. आणि पुढे विचारलंयस की न्यूक्लियस आहे की नाही हाच खरा फरक ना, बाकीचे मुद्दे नुसते मार्कांसाठी भरलेले असतात ना.

तर मी २२ वर्षं मायक्रोबायोलॉजीचं काम करतेय, आधी एका वायनरीच्या क्वालिटी लॅबमध्ये आणि नंतर पिंपळगाव बसवंतजवळ एका छोट्या लॅबमध्ये, जिथे शेतकरी पानं, फळं, माती, पाणी घेऊन येतात. न्यूक्लियसचा फरक खरा आहेच, नावंच त्यावरून पडलीत, ग्रीक भाषेत कॅरिऑन म्हणजे फळातली आठळी किंवा गर, ती असलेली पेशी युकॅरिओटिक आणि ती येण्याच्या आधीची म्हणून प्रोकॅरिओटिक. आपल्या शाळेच्या पुस्तकात दृश्यकेंद्रकी आणि आदिकेंद्रकी म्हणतात तेच हे. पण इतक्या वर्षांत एखाद्या सॅम्पलमध्ये न्यूक्लियस आहे का हे बघून निर्णय घेतलाय असं माझ्या बाबतीत एकदाही झालेलं नाही. मी रोज जो फरक वापरते तो रायबोसोमचा, भिंतीचा आणि आतल्या सांगाड्याचा, म्हणजे तू ज्यांना भरीचे मुद्दे म्हणतेस तेच. आणि उपयोग विचारलास तर एका वाक्यात असा, की या फरकामुळेच आपल्याला एकाला मारताना दुसऱ्याला जिवंत ठेवता येतं.

आधी वायनरीतलं सांगते कारण तिथे हे डोळ्यांना दिसतं. फेब्रुवारीत क्रशिंग जोरात चालू असतं, टाक्यांमधून द्राक्षाच्या रसाची सॅम्पल येतात, त्यात यीस्ट असतं ज्याच्यामुळे साखरेची दारू होते, आणि त्याच रसात बॅक्टेरियाही असतात, काही कामाचे आणि काही सगळ्या टाकीचा व्हिनेगर करून ठेवणारे. मला दोघांची मोजणी वेगवेगळी करायची असते. यीस्ट ही एकपेशी बुरशी, म्हणून युकॅरिओट, बॅक्टेरिया प्रोकॅरिओट. मग एकाच रसाचा थेंब पातळ करून दोन प्लेटवर पसरवायचा. एका प्लेटच्या अगारमध्ये, म्हणजे ज्या जेलीवर हे जीव वाढवतात तिच्यात, क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक घातलेलं असतं आणि दुसऱ्या प्लेटमध्ये सायक्लोहेक्झिमाइड. पहिल्या प्लेटवर तिसऱ्या दिवशी क्रीम रंगाच्या, गोल, किंचित फुगीर यीस्टच्या वसाहती दिसतात आणि बॅक्टेरियाचा पत्ता नसतो. दुसऱ्या प्लेटला धीर धरावा लागतो, आठवडाभराने तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके येतात, ते लॅक्टिक बॅक्टेरिया, आणि नेहमीचं वाइनचं यीस्ट तिथे उगवतच नाही. (ब्रेटॅनोमायसीस नावाचं एक त्रासदायक यीस्ट सायक्लोहेक्झिमाइडला दाद देत नाही, पण तोच गुण आम्ही त्याला पकडायला वापरतो.)

रस एकच होता. मग फरक कुठे पडला? रायबोसोममध्ये पडला.

प्रोटीन बनवायचं यंत्र म्हणजे रायबोसोम, आणि प्रोटीनशिवाय कुठलीच पेशी जगत नाही, म्हणून ते दोघांकडेही असतं. पण बॅक्टेरियाचा रायबोसोम ७० एस आणि युकॅरिओटच्या पेशीद्रवातला ८० एस. हा एस म्हणजे स्वेडबर्ग, सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने तळाला बसतो त्याचं माप, वजनाचं नाही, म्हणूनच ५० आणि ३० एसचे दोन भाग जोडून ७० होतात आणि ६० आणि ४० जोडून ८०, सरळ बेरीज लागत नाही कारण दोन भाग चिकटले की आकार बदलतो आणि बसायचा वेग त्या हिशोबाने वाढत नाही. विद्यार्थी इथे हमखास अडकतात आणि मग आकडे पाठ करून सोडून देतात. आकडे सोड, लक्षात हे ठेव की दोन्ही यंत्रं एकच काम करतात पण त्यांच्या खाचा वेगळ्या आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल ५० एसच्या खाचेत बसतं, ८० एसच्या यंत्रात ती खाच तशी नाही. सायक्लोहेक्झिमाइड ६० एसच्या भागात बसतं, बॅक्टेरियाला त्याचं काहीच वाटत नाही. आणि म्हणूनच सायक्लोहेक्झिमाइड वजन करताना मी हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय कुणाला डबी उघडू देत नाही, कारण माझ्या पेशीही यीस्टसारख्याच ८० एसवाल्या आहेत, ते यीस्टला विष तर मलाही विषच.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो ना, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या मातीतल्या बॅक्टेरियांच्या जिओस्मिनचा असतो. हे बॅक्टेरिया बुरशीसारखे धाग्याधाग्याने वाढतात, इतके की पूर्वी लोक त्यांना बुरशीतच धरायचे, नावातलं मायसीस म्हणजेच बुरशी. पण आत न्यूक्लियस नाही, रायबोसोम ७० एस, सगळं प्रोकॅरिओटचं. त्यातलाच एक स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस. १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समनच्या लॅबमध्ये अल्बर्ट शाट्झने त्यातून स्ट्रेप्टोमायसिन काढलं, टीबीवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक, जे ७० एसच्या ३० एस भागाला धरतं. आणि हाच स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस सायक्लोहेक्झिमाइडही बनवतो! म्हणजे मातीत बसलेला एक जीव शेजारच्या बॅक्टेरियाला मारायला एक औषध बनवतो आणि शेजारच्या बुरशीला मारायला दुसरं. दुसऱ्या औषधाची त्याला स्वतःला भीती नाही कारण त्याच्याकडे ८० एस नाहीच, पण पहिल्याची आहे, म्हणून त्याच्याकडे स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारं एन्झाइमही असतं. तुझ्या तक्त्यातला "७० एस / ८० एस" हा कोरडा मुद्दा मातीतल्या जिवांना आपल्या आधी करोडो वर्षं माहीत होता. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये अशाच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसीसपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं आणि त्या जिवाचं नावसुद्धा स्ट्रेप्टोमायसीस पिम्प्रिना ठेवलं गेलं, हे मी माझ्या प्रत्येक ट्रेनीला सांगते.

डॉक्टर बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनला अझिथ्रोमायसिन देतात आणि आपण ती गोळी बिनधास्त गिळतो ती याच जोरावर. बुरशीच्या इन्फेक्शनला मात्र औषधं मोजकीच, आणि अँफोटेरिसिन बीसारखं औषध देताना किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, कारण बुरशी आणि माणूस दोघंही युकॅरिओट, आतून एवढे सारखे की एकाला नेमकं मारणारी जागा शोधायलाच कष्ट पडतात. व्हायरस या दोन्हीत बसत नाही, त्याच्याकडे रायबोसोमच नाही, म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेऊन काही होत नाही.

पण थांब, इथे एक गाठ आहे आणि ती परीक्षेतही विचारतात. युकॅरिओटिक पेशीत ८० एस असतात हे अर्धंच खरं. तुझ्या पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये स्वतःचे वेगळे रायबोसोम असतात आणि ते बॅक्टेरियाच्या घराण्यातले. पानातल्या हरितलवकातही तसेच, ७० एसचे. मायटोकाँड्रियाचा डीएनएसुद्धा बॅक्टेरियासारखा गोल, माणसात १६,५६९ बेस जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) आणि ३७ जीन्सचा. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिसने जोरदारपणे मांडलं की मायटोकाँड्रिया आणि हरितलवक हे कधीकाळी स्वतंत्र जगणारे बॅक्टेरिया होते, मोठ्या पेशीच्या आत शिरले आणि तिथलेच झाले. सुरुवातीला लोकांनी मानलं नाही, पण आज आपण हेच शिकवतो. याचा रोजचा परिणाम असा की क्लोरॅम्फेनिकॉल ८० एसला धरत नसलं तरी मायटोकाँड्रियाच्या रायबोसोमला त्रास देतं, त्यातून अस्थिमज्जेतलं रक्त बनायचं काम मंदावू शकतं, म्हणून हे औषध आता जपून वापरतात. आणि काही घराण्यांत मायटोकाँड्रियाच्या आरएनएमध्ये एका अक्षराचा बदल असतो, त्या बदलाने तो रायबोसोम बॅक्टेरियाच्या रायबोसोमसारखा आणखी दिसायला लागतो, आणि अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिनच्या जातकुळीतलं इंजेक्शन दिलं की ऐकू येणं जाऊ शकतं, आणि हे आईकडून मुलांकडे येतं कारण मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात. एक अक्षर फक्त.

आता शेताकडे येते. सटाण्याच्या बाजूचे एक दादा डाळिंबाची पानं घेऊन आले होते, ओल्या पेपरात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणाले, "मॅडम, तीन फवारण्या झाल्या, औषध लागू पडेना." काय मारलं विचारलं तर दोनदा कार्बेन्डाझिम आणि एकदा हेक्झाकोनाझोल, दोन्ही बुरशीनाशकं, दुकानदाराने दिलं ते. पान उजेडाला धरलं तर तेलाचा थेंब सांडल्यासारखे डाग, कडेला पिवळी झाक. सोबत एक फळ होतं, त्याला काळा डाग आणि त्या डागातून इंग्रजी वाय अक्षरासारखी भेग. दिसतानाच डाळिंबावरचा तेल्या रोग वाटत होता, पण वाटण्यावर मी सांगत नाही.

ब्लेडने डागाच्या कडेवरून, म्हणजे अर्धा रोगट आणि अर्धा हिरवा येईल असा बारीक तुकडा कापला, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वर कव्हर स्लिप. दहाच्या लेन्सखाली कापलेल्या कडेला फोकस केलं. मिनिटभर काही नाही. मग कडेच्या एका शिरेतून उदबत्तीचा धूर निघावा तसं दुधट काहीतरी हळूहळू पाण्यात पसरायला लागलं, धार तुटत नव्हती. मी त्या दादांना खुर्चीत बसवून बघायला लावलं. त्या धुरातला प्रत्येक कण म्हणजे एक बॅक्टेरिया, लाखोंनी पानातून बाहेर पडत होते. बुरशी असती तर असा धूर नसता आला, धागे दिसले असते नाहीतर बीजाणू. नंतर प्लेटवर टाकलं तेव्हा तिसऱ्या दिवशी पिवळ्या, चकचकीत, चिकट वसाहती आल्या, झँथोमोनास, तेल्याचा बॅक्टेरिया.

मग त्या तीन फवारण्या का वाया गेल्या ते बघ, कारण तुझ्या तक्त्याचं उत्तर इथे आहे. कार्बेन्डाझिम ट्यूब्युलिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं. युकॅरिओटिक पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला जे धागे लागतात ते ट्यूब्युलिनचे असतात (सुरुवातीला म्हटलेल्या आतल्या सांगाड्यातलेच), ते धागे बनले नाहीत की बुरशीचं विभाजन अडकतं. बॅक्टेरिया मायटोसिस करतच नाही, तो मधोमध आवळून दोन होतो, आवळायला त्याच्याकडे एफटीएसझेड नावाचं ट्यूब्युलिनचं लांबचं नातेवाईक प्रोटीन आहे पण कार्बेन्डाझिम त्याला ओळखत नाही. आणि हेक्झाकोनाझोल एर्गोस्टेरॉल बनायचं थांबवतं, बुरशीच्या पटलात लागणारं स्टेरॉल, जे झँथोमोनास बनवतच नाही. म्हणजे दोन्ही औषधांना त्या बॅक्टेरियात धरायला जागाच नव्हती. दादांनी मारलेलं औषध खोटं नव्हतं, डोसही बरोबर होता, पण समोर जो जीव होता त्याच्यात ते कुलूपच नव्हतं आणि आपण चावी फिरवत होतो. तिथे तांब्याची औषधं चालतात कारण तांबं एका जागेला धरत नाही, सापडेल त्या प्रोटीनची वाट लावतं, प्रोकॅरिओट असो की युकॅरिओट. बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ मध्ये मिलार्देने द्राक्षावरच्या डाउनी रोगासाठी मांडलं आणि आजही दोन्ही बाजूंना कामाला येतं ते यामुळेच. तांब्यासोबत रोगट फांद्या आणि फळं काढून जाळायची, कात्री प्रत्येक झाडानंतर हायपोक्लोराइटमध्ये बुडवायची, हे सांगितलं आणि लिहून दिलं. अँटिबायोटिक मी शेतात सुचवत नाही, उघड्यावर फवारलं की मातीतल्या आणि पाण्यातल्या बॅक्टेरियांना त्याची सवय लागते आणि उद्या आपल्या पोराबाळांना तेच औषध लागू पडत नाही, यावर माझं मत पक्कं आहे.

जैविक औषधांचंही असंच. ट्रायकोडर्मा बुरशी आहे आणि सुडोमोनास बॅक्टेरिया, पण दुकानात एकाच फडताळात शेजारीशेजारी ठेवलेले असतात आणि लोक दोन्हीला जैविक म्हणून एकच समजतात. ड्रिपमधून ट्रायकोडर्मा सोडलं आणि चार दिवसांनी तिथेच मुळाशी कार्बेन्डाझिमचं पाणी ओतलं तर पैसे मातीत गेले, कारण ट्रायकोडर्माचंही ट्यूब्युलिन तेच. सुडोमोनास असता तर त्याला फरक पडला नसता. एवढं कळायला डिग्री लागत नाही, कोण कुठल्या गटातला एवढं माहीत असलं की पुरे.

द्राक्षवाल्यांसाठी याच्या पुढची एक पायरी आहे आणि ती तुझ्या तक्त्यात नाही. भुरी आणि डाउनी हे द्राक्षाचे दोन रोग, ते करणारे जीव दोन्ही युकॅरिओट, पण भुरी खरी बुरशी आणि डाउनी हा ऊमायसीट, दिसतो बुरशीसारखा पण नात्याने तपकिरी शेवाळांच्या जवळचा, भिंत मुख्यतः सेल्युलोजची, आणि तो एर्गोस्टेरॉल स्वतः बनवत नाही. म्हणून भुरीवर हेक्झाकोनाझोल चालतं आणि डाउनीवर नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये रात्री झोप उडते ती या डाउनीमुळे, पानावर पाणी राहिलं की त्याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. ती शेपटी म्हणजे फ्लॅजेलम, आणि बघ, तक्त्यात बॅक्टेरियालाही फ्लॅजेलम लिहितात. नाव एक, वस्तू दोन. बॅक्टेरियाचं फ्लॅजेलम बोटीच्या पंख्यासारखं बुडापासून गोल फिरतं आणि फ्लॅजेलिन प्रोटीनचं असतं, युकॅरिओटचं नऊ अधिक दोन अशा नळ्यांचं, पटलाने झाकलेलं आणि चाबकासारखं वाकतं. परीक्षेत दोन्हीकडे नुसतं "असते" असं लिहू नकोस, हा फरक लिही.

भिंतीबद्दल थोडं. बॅक्टेरियाची भिंत पेप्टिडोग्लायकॅनची, वनस्पतीची सेल्युलोजची, बुरशीची कायटिन आणि ग्लुकॅनची, आपल्याला भिंतच नाही. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकॅनचे टाके घालणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणून आपल्या पेशींना त्याचा उपद्रव नाही (अ‍ॅलर्जी हा वेगळा विषय) आणि मायकोप्लाझ्माला ते लागू पडत नाही कारण तो बॅक्टेरिया असूनही त्याला भिंतच नाही. वाइनच्या धंद्यात अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं लायसोझाइम वापरतात, ते पेप्टिडोग्लायकॅन कापतं, लॅक्टिक बॅक्टेरिया मरतात आणि यीस्ट शेजारीच निवांत काम करत राहतं. पण व्हिनेगर करणाऱ्या अ‍ॅसिटिक बॅक्टेरियावर त्याचा जोर चालत नाही, कारण ते ग्राम निगेटिव्ह गटातले, त्यांच्या भिंतीवर आणखी एक बाहेरचं पटल असतं. लायसोझाइम तुझ्या डोळ्यातल्या पाण्यातही आहे. आणि ग्राम स्टेनची, म्हणजे रंग देऊन बॅक्टेरियाचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह गट ओळखायच्या पद्धतीची, एक चूक दरवर्षी नवीन मुलं करतात, पॉझिटिव्ह बॅक्टेरियासारखं यीस्टही जांभळं रंगतं, मग रिपोर्टमध्ये "ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय" (कॉकाय म्हणजे गोल बॅक्टेरिया) असं लिहून मोकळे होतात. साइज बघ ना आधी!

साइज हा मुद्दा सगळे एका ओळीत उरकतात पण बाकीचं बरंचसं त्यावरच उभं आहे. बॅक्टेरिया साधारण एक-दोन मायक्रोमीटर, यीस्ट पाच ते दहा, आपल्या पेशी दहा ते शंभरच्या दरम्यान. व्यास दहापट झाला की आकारमान हजारपट होतं आणि पृष्ठभाग शंभरपटच. म्हणजे मोठ्या पेशीला आत पोसायचं खूप आणि त्या मानाने बाहेरून आत घ्यायला पृष्ठभाग कमी. छोट्या बॅक्टेरियाला एकाच खोलीत संसार करता येतो, स्वयंपाक, झोप, पाहुणे सगळं तिथेच, वस्तू इकडून तिकडे आपोआप पोचते. एनर्जी बनवायचं काम तो आपल्या पेशीपटलावरच करतो. मोठ्या पेशीला वाडाच बांधावा लागतो, कोठीची खोली वेगळी, चूल वेगळी, आणि ये-जा करायला माणसं, म्हणजे मायटोकाँड्रिया, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी आणि सामान वाहून नेणारा सांगाडा.

आणि न्यूक्लियसचं खरं महत्त्व मला इथे वाटतं. बॅक्टेरियात डीएनएवरून आरएनए लिहिला जात असतानाच त्याच्या मोकळ्या टोकाला रायबोसोम येऊन बसतात आणि प्रोटीन बनायला सुरुवात होते, लिहिणारा अजून लिहितोय आणि वाचणारा वाचायलाही लागला. म्हणून बॅक्टेरियाला झटपट वागणं बदलता येतं, ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात, जरी त्याच्या ४६ लाख बेस जोड्यांची नक्कल करायला ४० मिनिटं लागतात, कारण पहिली नक्कल संपायच्या आत तो दुसरी सुरू करतो. यीस्टला एकाचे दोन व्हायला दीड तास लागतो. युकॅरिओटमध्ये लिहिणं न्यूक्लियसच्या आत आणि वाचणं बाहेर, मधे पटल. त्यामुळे वेळ जातो, पण त्या वेळात आरएनएमधले नको ते तुकडे, इन्ट्रॉन, कापून बाकीचे वेगवेगळ्या पद्धतीने जोडता येतात आणि एकाच जीनपासून वेगवेगळी प्रोटीन मिळतात. डीएनएही हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळून ठेवलेला, आपल्या एका पेशीत साधारण दोन मीटर, आणि कुठला भाग उघडायचा कुठला बंद ठेवायचा हे ठरवता येतं, म्हणून त्याच डीएनएमधून डोळाही बनतो आणि नखही. न्यूक्लियस "आहे" असं लिहून पुढे जाऊ नकोस, त्याने लिहिणं आणि वाचणं वेगळं केलं हे लिही, तोंडी परीक्षेत समोरचा मान वर करून बघेल.

अपवाद विचारले तर. माणसाच्या तयार लाल रक्तपेशीत न्यूक्लियस नसतो पण ती युकॅरिओटिकच, तिने बनताना तो टाकून दिलेला असतो. निळं-हिरवं शेवाळ नावाला शेवाळ, आहे बॅक्टेरिया. थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा २०२२ मध्ये जगासमोर आलेला बॅक्टेरिया नुसत्या डोळ्यांना दिसतो, सेंटीमीटरभर लांब, आणि त्याचा डीएनएसुद्धा पटलाच्या छोट्या पिशव्यांमध्ये असतो, त्यामुळे साइजचा आणि पटलाचा नियम निसर्गाने स्वतःच वाकवलाय. आणि १९७७ मध्ये कार्ल वूजने दाखवलं की न्यूक्लियस नसलेले सगळे एकाच घरचे नाहीत, आर्किया हे बॅक्टेरियापासून वेगळं घराणं आहे, भिंतीत पेप्टिडोग्लायकॅन नाही, पटलातलं चरबीचं रसायन वेगळं, आणि डीएनए वाचायची काही यंत्रणा आपल्यासारखी. गावाकडे गोबरगॅसवर चहा होतो ना, त्यातला मिथेन बनवणारे हेच आर्किया. म्हणजे "प्रोकॅरिओट" म्हणजे एक कुटुंब असं समजू नकोस, ते नुसतं राहणीमानाचं नाव आहे, एका खोलीत राहणारे सगळे भाऊ-भाऊ असतीलच असं नाही.

आता तुझ्यासाठी काम. दुधाच्या डेअरीवर किंवा किराणा दुकानात बेकरीचं यीस्ट मिळतं, चिमूटभर कोमट साखरेच्या पाण्यात अर्धा तास ठेव, एक थेंब स्लाइडवर, मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब, आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर चाळीसच्या लेन्सखाली बघ, जिवंत पेशी बिनरंगाच्या आणि मेलेल्या निळ्या दिसतील, काहींच्या खांद्यावर मण्यासारखी कळी आलेली असेल. दुसऱ्या स्लाइडवर घरच्या दह्यातलं पाणी पातळ करून, सुकवून, आचेवरून फिरवून, त्याच रंगाने रंगव आणि शंभरच्या लेन्सखाली तेल घालून बघ. दोन्ही चित्रं वहीत एकाच स्केलवर काढ, यीस्ट रुपयाच्या नाण्याएवढं काढलंस तर दह्यातले गोल बॅक्टेरिया मोहरीच्या दाण्यांच्या माळेएवढे यायला हवेत. आणि यीस्टच्या आत एक गोल पारदर्शक फुगा ठळक दिसेल, त्याला बाण काढून न्यूक्लियस लिहायचा मोह होईल, सगळ्यांना होतो, पण तो व्हॅक्युओल, म्हणजे रिक्तिका असते, न्यूक्लियस त्या रंगात तसा दिसत नाही.